दीड दिवसाचे जुने गोवे

स्पेन देशात तोलेदो नावाचे एक प्राचीन नगर आहे. ताहो नदीने त्याला तीन बाजूंनी वळसा घातलेला आहे आणि माद्रिदहून तेथे आगगाडीने अर्ध्या तासात पोचता येते. ही सोयच त्या नगराला भोवली आहे. सकाळी उतरावे, घाईघाईने कॅथेड्रल पाहावे, दोन गल्ल्या फिराव्यात, तलवारीच्या आकाराची एखादी शोभेची वस्तू विकत घ्यावी आणि दिवेलागणीला माद्रिद गाठावे, असा हजारो प्रवाशांचा परिपाठ पडून गेला आहे. तेथे जाऊ इच्छिणारा प्रत्येक जण आधी एकच प्रश्न विचारतो: एक दिवस पुरेल, की दोन लागतील? वस्तुतः हा प्रश्न दुय्यम आहे. थोड्या वेळात जुने नगर पाहायचे असेल, तर ते कोणत्या क्रमाने पाहावे आणि त्यातले काय सोडून द्यावे, हे ठरविणे अधिक महत्त्वाचे.

सावरगावच्या किंवा सौंसरच्या माणसाला तोलेदोला जाण्याचा योग क्वचितच येणार. परंतु स्पेनच्या राजांच्या अमलाखाली भरभराटीला आलेले एक नगर आपल्याच देशात, आगगाडीच्या दोन रात्रींच्या अंतरावर आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. ते नगर म्हणजे मांडवी नदीच्या काठचे जुने गोवे.

गोवे तर पोर्तुगिजांचे; मग येथे स्पेन कोठून आला? १५७८ साली पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव हा मोरोक्कोतील लढाईत निपुत्रिक मारला गेला. वारसाचा तंटा उभा राहिला आणि १५८० मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने पोर्तुगालचे सिंहासन हस्तगत केले. तेव्हापासून १६४० पर्यंत, म्हणजे पुरी साठ वर्षे, ओळीने तीन फिलिप गोव्याचे राजे होते. कारभार पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला, हे खरे. पण ज्याच्या नावाने फर्माने सुटत, तो राजा माद्रिदला बसत असे. आज जुन्या गोव्यात प्रवासी जे पाहतो, त्यातील बरेचसे याच साठ वर्षांत उभे राहिले. बाँ जेझूसचे चर्च १५९४ ते १६०५ या काळातले, संत ऑगस्टीनचा मनोरा १६०२ चा, सांता मोनिकेचा मठ १६०६ नंतरचा. सेबास्तियांवाच्या हयातीत १५६२ मध्ये सुरू झालेले से कॅथेड्रल बांधून झाले १६१९ मध्ये.

याच फिलिपाने १५६१ मध्ये आपला दरबार तोलेदोहून हलवून माद्रिदला नेला होता. दरबार गेला, पण तोलेदोची माणसे राहिली. आज तेथे घरे आहेत, बाजार आहे, गल्लीत खेळणारी मुले आहेत. गोव्याचे नशीब निराळे. रोगराईने हे नगर पोखरले. विहिरींचे पाणी नासले, हिवताप आणि पटकी यांनी वस्तीच्या वस्ती ओस पाडल्या. डचांनी सागरी व्यापाराचा गळा आवळला आणि १६४१ मध्ये मलाक्का घेतले. व्हाइसरॉय आधी १६९५ मध्ये जवळच्या पणेली येथे आणि मग १७५९ मध्ये पणजीला राहावयास गेला. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. मागे राहिलेल्या वाड्यांचे दगड लोकांनी होड्यांतून पणजीला नेले आणि नवी घरे बांधली. चर्चे तेवढी राहिली, तीही सगळी नव्हेत. युनेस्कोने तोलेदो आणि गोव्याची चर्चे व मठ या दोहोंना एकाच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण एक नांदते नगर आहे आणि दुसरे उठून गेलेले.

राजधानी उठून जाणे म्हणजे काय, हे छिंदवाड्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले, त्याच्या मागून गादीही तिकडे गेली, आणि देवगडावर आज तट, तलाव व झाडी उरली आहे. ज्याने देवगड पाहिला आहे त्याने तीच नजर घेऊन जुन्या गोव्यात शिरावे. जे उभे आहे त्याच्यापेक्षा जे नाही, ते तेथे अधिक आहे.

आता प्रवासाच्या आखणीकडे वळू. पहिली गोष्ट ऋतूची. पांढुर्णे-सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारीनंतर उतरतात. बागाईतदाराला मोकळीक मिळते ती या दोहोंच्या मध्ये, जानेवारीत. आणि सुदैवाने गोव्यासही तोच महिना उत्तम. नाताळ आणि नववर्षाची गर्दी पहिल्या आठवड्यानंतर ओसरते, हवा कोरडी असते. डिसेंबरच्या ३ तारखेला संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. ज्याला भाविकांचा सागर पाहायचा असेल त्याने त्याच दिवसांत जावे. ज्याला दगड आणि शिल्प पाहायचे असेल त्याने ते दिवस टाळावेत. दोन्ही हेतू एका फेरीत साधत नाहीत. पावसाळ्यात जुने गोवे हिरवेगार दिसते, पण तेथील जांभा दगड शेवाळाने इतका निसरडा होतो की म्हाताऱ्या माणसांना घेऊन टेकडी चढण्याचे धाडस करू नये.

दुसरी गोष्ट मार्गाची. पांढुर्णे हे नागपूर-इटारसी या मुख्य मार्गावरील स्थानक. तेथून नागपूर गाठावे. नागपूरहून कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणारी थेट गाडी मिळाली तर उत्तमच, नाही तर मुंबईला गाडी बदलावी. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी विदर्भातील माणसाला गोवा म्हणजे मिरज, लोंढे आणि ब्रागांझा घाट असा दूरचा फेरा होता. बहुतेक प्रवासी सवयीने मडगावला उतरतात. त्यांनी करमळीचे तिकीट काढावे. करमळी हे जुन्या गोव्याला अगदी लागून असलेले स्थानक आहे. मात्र सगळ्या गाड्या तेथे थांबत नाहीत, एवढे आधी पाहून घ्यावे. मुक्काम मात्र पणजीला करावा, कारण जुन्या गोव्यात रात्री राहण्यासारखे फार थोडे आहे. पणजीहून जुने गोवे सुमारे दहा किलोमीटर. रायबंदरपर्यंतचा रस्ता पाण्यातून जाणाऱ्या एका लांबलचक बांधावरून जातो. हा बांध व्हाइसरॉय लिन्यारिस याने १६३३-३४ च्या सुमारास घातला, म्हणजे तोही फिलिपांच्याच काळातला. त्यावरून आज बसगाड्या आणि मालमोटारी धावतात आणि त्यातल्या बहुतेकांना आपण जवळजवळ चारशे वर्षांच्या पुलावरून चाललो आहोत याची गंधवार्ताही नसते.

तर पहिला दिवस जुन्या गोव्याला द्यावा आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ नदीपलीकडे. हा दीड दिवस झाला. एवढ्यात बागाचे समुद्रकिनारे, दूधसागर आणि मांडवीतील नाचगाण्यांच्या बोटी बसणार नाहीत, आणि बसवू नयेत.

सहलीची गाडी प्रवाशांना सहसा बाँ जेझूसच्या दारात सोडते, आणि तेथेच क्रम चुकतो. नगर पाहावयाचे असेल तर ते ज्या दिशेने पाहुणे येत त्या दिशेने पाहावे. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय नदीतून येई आणि धक्क्यावर उतरून ज्या कमानीखालून नगरात प्रवेश करी, ती कमान अद्याप तेथे आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, पणजोबाच्या सागरप्रवासाला शंभर वर्षे झाल्याच्या सुमारास त्याने ती उभारली. पुढे ती ढासळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. सकाळी लवकर या कमानीपाशी उभे राहावे, नदीकडे पाठ करावी आणि मग चालू लागावे.

थोडे पुढे, संत काजेतानच्या चर्चच्या वाटेवर, काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे. मागे भिंत नाही, पुढे अंगण नाही, नुसते दार. विजापूरच्या आदिलशहाच्या वाड्याचे ते उरलेले प्रवेशद्वार. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवे जिंकले, त्यानंतर हाच वाडा व्हाइसरॉयांचे निवासस्थान झाला. चौकटीवरचे नक्षीकाम देवळाच्या कारागिराच्या हातचे दिसते. सुलतानाचा वाडा, हिंदू कारागिरी, ख्रिस्ती मालक, आणि आता कोणीच नाही. एवढा इतिहास त्या एका चौकटीत आहे. बहुतेक सहली तिच्यावरून पुढे निघून जातात. संत काजेतानच्या चर्चची घडण रोममधील संत पीटरच्या मंदिराला समोर ठेवून केलेली आहे. घुमटाखाली एक विहीर आहे, ती मुलांना दाखवावी.

नंतर से कॅथेड्रल. ते संत कॅथरिनला वाहिलेले आहे, कारण आल्बुकेर्कने गोवे घेतले तो तिच्या सणाचा दिवस होता. पूर्वी याला दोन मनोरे होते. त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कोणी बांधला नाही. म्हणून इमारत एका खांद्याने खाली झुकल्यासारखी दिसते. आतील प्रशस्तपणा पाहून माणूस आपोआप हळू बोलू लागतो. समोरच्या मोकळ्या चौकात मात्र क्षणभर थांबले पाहिजे. याच चौकाच्या कडेला इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायासनाचा, वाडा होता. १५६० मध्ये हे न्यायासन गोव्यात आले, अठराव्या शतकातील चार वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत टिकले, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचे जुने आचार, ज्यू वंशाच्या लोकांचा गुप्त धर्म, हिंदूंचे उघड उत्सव, या सर्वांवर त्याने धाक बसविला. त्या वाड्याचा आज दगडही जागेवर नाही. मार्गदर्शक तेथे काही दाखवू शकत नाही, म्हणून तो बोलतही नाही. चौक पाहणाऱ्याने ते स्वतःच आठवावे.

कॅथेड्रलला लागून संत फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे आणि त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते. सहलीचा वार ठरविताना हे लक्षात ठेवावे, कारण हे संग्रहालय चुकले तर अर्धी कथा चुकली. खालच्या दालनांत कदंब काळातील मूर्ती, वीरगळ आणि सतीच्या शिळा आहेत. वरच्या दालनात गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रे भिंतीवर ओळीने लावलेली आहेत. ही चित्रमालिका १५४७ मध्ये जुवांव द कास्त्रो याने सुरू केली. वर दाढीवाले, चिलखत घातलेले राज्यकर्ते आणि खाली गाईंसाठी, गावासाठी मेलेले, नाव नसलेले वीर. विदर्भात आणि छिंदवाड्याकडे गावोगाव असे दगड शेंदूर फासून उभे असतात. वीरगळ वाचायचा कसा, हे एखाद्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना येथे शिकवावे: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. एकदा हे कळले की गावी परतल्यावर मारुतीच्या देवळामागचा दगडही बोलू लागतो.

यानंतर रस्ता ओलांडून बाँ जेझूस. याचा शब्दशः अर्थ भला येशू. दुपारच्या आत येथे यावे, कारण दुपारनंतर सहलींच्या गाड्या एकदम येऊन थडकतात. बाहेरून हे चर्च इतरांपेक्षा निराळे दिसते. बाकी सगळी चुन्याने पांढरीशुभ्र, आणि हे तांबडे-तपकिरी, उघड्या दगडाचे. हे त्याचे मूळ रूप नव्हे. यालाही पूर्वी गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्याला, पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या काळात, जुनेपण उठून दिसावे म्हणून काढून टाकण्यात आला. आता कोकणचा पाऊस त्या उघड्या जांभ्या दगडाला वर्षानुवर्षे खात आहे आणि पुन्हा गिलावा करावा की न करावा, यावर वाद चालू आहेत. विदर्भातल्या काळ्या पत्थराची सवय असलेल्या माणसाने त्या भिंतीला हात लावून पाहावा. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो, पण अंगाला छिद्रे घेऊनच. दर्शनी भागावरील बारीक नक्षीसाठी म्हणूनच वसईकडून काळा दगड आणावा लागला. सौंदर्याच्या हौसेपायी एखाद्या इमारतीचे कातडे सोलणे हा शहाणपणा नव्हता, असेच म्हणावे लागते.

आत उजव्या बाजूला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. हे संत पोर्तुगीज नव्हेत. त्यांचा जन्म १५०६ मध्ये नावारा प्रांतातील हाविएर येथील गढीत झाला. तो प्रदेश आज स्पेनमध्ये आहे. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोचले, आणि पुढील दहा वर्षांतला त्यांचा फार थोडा काळ गोव्यात गेला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचे देहावसान झाले. पार्थिव १५५४ मध्ये गोव्यात आणले गेले आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ज्या इन्क्विझिशनचा वर उल्लेख आला, ते गोव्यात पाठवावे अशी विनंती त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. ते आले त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. भाविकाने समाधीपुढे गुडघे टेकावेत, आणि इतिहास जाणणाऱ्याने हेही जाणावे; दोन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी करता येतात.

पार्थिव ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडविली. तिच्या खालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा. तस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने तो जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराकडून करवून घेतला आणि १६९८ मध्ये तो येथे बसविण्यात आला. संताच्या डोक्याखालची उशी ड्यूकला भेट मिळाली होती, तिची ही परतफेड, असे सांगतात. पेटी बरीच उंचावर असल्यामुळे खालून फारसे दिसत नाही. दर दहा वर्षांनी अवशेष खाली आणून दर्शनासाठी ठेवतात. तसे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. प्रथेप्रमाणे पुढचे २०३४ मध्ये. मधल्या वर्षांत जाणाऱ्याने खालच्या चौथऱ्यावरील काशाच्या चित्रफलकांकडे नीट पाहावे. त्यांत संताच्या जीवनातले प्रसंग आहेत.

मराठी वाचकाला येथे आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने मांडवीतील जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हे बेट राजधानीच्या अगदी तोंडाशी. तो परत घ्यावयास गेलेला व्हाइसरॉय काउंट आल्व्होर पराभूत होऊन माघारी आला. नगरात हाहाकार उडाला, तेव्हा त्याने याच चर्चमध्ये येऊन शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवून रक्षणाची याचना केली, असे पोर्तुगीज बखरकार नोंदवितात. पुढे मोगल शहजादा शाहआलम कोकणात उतरला, आणि महाराजांना तिकडे तोंड वळवावे लागले. नगर वाचले. पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, याच आल्व्होरने फर्मान काढून तीन वर्षांत रयतेने आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असे ठरविले. ते मात्र जमले नाही.

दुपारचे जेवण उरकून, ऊन कलल्यावर पश्चिमेची टेकडी चढावी. येथे संत ऑगस्टीनच्या मठाचे भग्नावशेष आहेत, आणि वेळ अपुरा पडू लागला तर दुसरे काहीही गाळावे, हे गाळू नये. चार मनोऱ्यांच्या भव्य चर्चपैकी एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे, सुमारे ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये सरकारने मठ बंद केले आणि साधू निघून गेले. १८४२ मध्ये मुख्य छत कोसळले. मनोऱ्यातली घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली, ती आजही तेथे वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा खाली आला. कोणी तोफ डागली नाही, कोणी सुरुंग लावला नाही. माणसे गेली आणि पाऊस आला, एवढेच.

या ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याने एका राणीचा शोध घेतला, हा वृत्तांत मोठा विलक्षण आहे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला इराणच्या शहा अब्बासने कैदेत ठेवले होते. तिने धर्मांतर नाकारले म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिला छळ करून मारण्यात आले. तेथील ऑगस्टीन पंथी साधूंनी तिच्या काही अस्थी गोव्याला आणून या मठातील एका खिडकीत, दगडी पेटीत ठेवल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्या खिडकीचे वर्णन होते. त्याच्या आधारे उत्खनन झाले, अस्थी सापडल्या, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकीय तपासणी केली, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यातील एक भाग जॉर्जियाला अर्पण केला. तिथल्या लोकांनी तो संतेच्या मानाने स्वीकारला.

येथून थोडे पुढे टेकडीच्या टोकाला रोझरी मातेचे छोटे चर्च आहे. तेथे पाहण्यासारखे थोडे, पण मांडवीचे पात्र संध्याकाळी तेथून जसे दिसते तसे कोठूनही दिसत नाही. अंधार पडण्यापूर्वी संत पॉल कॉलेजच्या कमानीपर्यंत जाता आले तर जावे. एका रस्त्याच्या कडेला ती नुसती उभी आहे. १५५६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना याच कॉलेजात सुरू झाला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो स्पेनच्या सालामांका विद्यापीठात शिकलेला, ज्यू कुळातला. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. आणि १५७९ मध्ये या नगरात उतरलेला फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस. त्याने मराठीत अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरी खिळे तेथे नव्हते. आजच्या मध्य प्रदेशाच्या कडेला मराठी बोलत राहणाऱ्या माणसाला दूरच्या एका परदेशीयाने मराठीवर केलेले हे प्रेम विशेष जवळचे वाटावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच व्हाइसरॉयच्या कमानीपाशी यावे, पण आता नगराकडे पाठ करावी. समोर धक्का आहे आणि फेरीबोट दिवाडी बेटावर नेते. सगळ्या प्रवासाचा कस येथे लागतो, कारण येथपर्यंत येऊन शेकडो माणसे परत फिरतात.

दिवाडी बेटावर पूर्वी नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. चौदाव्या शतकात बहामनी सैन्याने ते देऊळ पाडले. विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा बांधले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले. लिंग एका विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामी लावले होते, असे सांगतात. तेथून ते काही हिंदूंनी रातोरात पळवून नदीपलीकडे डिचोलीच्या मुलखात नेले. त्या नव्या गावालाही त्यांनी नार्वे हेच नाव दिले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार करण्याची आज्ञा १६६८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांनी दिली, आणि तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडे गोवा सरकारने देवळाची डागडुजी केली आणि २०२३ मध्ये ते लोकांना पुन्हा खुले झाले.

दिवाडी बेट रिक्षाने किंवा पायी ओलांडावे. वाटेत टेकडीवर पियेदादचे चर्च लागते. तेथून मागे वळून पाहिले की झाडीतून से कॅथेड्रल आणि बाँ जेझूस यांची छपरे दिसतात. बेटाच्या दुसऱ्या बाजूला दुसरी फेरीबोट आहे. ती नार्व्याला पोचविते. देऊळ लहान आहे, शिखर साधे, अंगणात दीपमाळ. बाँ जेझूसच्या सोन्याच्या मुलाम्यानंतर ते फारच साधे वाटेल. पण हा देव दोन वेळा देवळासकट उखडला गेला आणि नदी ओलांडून पुन्हा बसला. जांब नदीच्या एका काठी पांढुर्णे आणि दुसऱ्या काठी सावरगाव; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दोन काठांमध्ये गोटमार चालते, आणि उरलेले वर्षभर तीच माणसे एकमेकांकडे सोयरीक जुळवितात. नदीचे दोन काठ म्हणजे काय, हे त्या गावच्या माणसाने नार्व्याच्या धक्क्यावर मनात आणून पाहावे.

ज्यांच्याजवळ आणखी अर्धा दिवस असेल त्यांनी फोंड्याकडे जावे. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला अशीच स्थलांतरित झाली. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता. १७६३ मध्ये तो त्यांच्या हाती पडेपर्यंत देवांना तेथे अभय होते. पण हे सारे दीड दिवसात कोंबू नये. मंगेशी पाहण्यासाठी नार्वे सोडणे हा तोट्याचा व्यवहार, कारण मंगेशीला लोक पुन्हा जातातच.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. चर्चमध्ये आणि देवळात दोन्हीकडे अंगभर कपडे असावेत. मिस्सा चालू असेल तर छायाचित्रे काढू नयेत. मागच्या बाकावर बसून राहावे, कोणी हरकत घेत नाही. पायांत चामड्याची वहाण नको, रबरी तळाची असावी. प्यायचे पाणी बरोबर घ्यावे, विशेषतः ऑगस्टीनच्या टेकडीवर. तेथे सावली नाही. सहलीत शाळेची मुले असतील तर त्यांना संग्रहालयात चित्रांपुढे फार वेळ उभे करू नये, वीरगळांपाशी बसवावे. नार्व्याहून परतताना डिचोलीवरून पणजीची बस मिळते, तेवढ्यासाठी पुन्हा दोन फेरीबोटी धराव्या लागत नाहीत. संध्याकाळची गाडी करमळीहून असेल तर तासभर आधी पोचावे. स्थानकाजवळ करमळीचे तळे आहे आणि जानेवारीत त्यावर बदकांचे थवे उतरलेले असतात.